उचल, मुकादम व आपल्या रोपवाटिका

मृग नक्षत्र लागण्यापूर्वींचे दोन महिने रोपवाटिकावाल्यांस फार घाईचे असतात. पिशव्या भरावयाच्या, कलमें उन्हापासून जपावयाचीं, शेणखताचे ट्रक उतरवून घ्यावयाचे, गिऱ्हाइकांच्या याद्या लावावयाच्या. ह्या धांदलींत मजुरांची टोळी वेळेवर आली म्हणजे मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. ती कोठून आली, कोणीं आणली, कोणत्या बोलीवर आणली, हें विचारण्याची त्यास फुरसत नसते. आज आम्ही आमच्या वाचकांपुढें तोच न विचारलेला प्रश्न मांडणार आहों.

काशीगांव व मिरागांव मिळून ज्यास काशीमीरा म्हणतात, तेथें मुंबई-अहमदाबाद महामार्गास घोडबंदरचा रस्ता येऊन मिळतो. एके काळीं जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आज इमारती उभ्या आहेत, आणि ज्या थोड्या जमिनी मोकळ्या राहिल्या त्यांपैकीं कित्येकांवर रस्त्याच्या कडेस रोपवाटिका मांडल्या गेल्या आहेत. मुंबई व ठाणें येथील गृहसंस्थांस झाडें, कुंड्या, हिरवळ व माळीकाम पुरविणें हा थोडी जमीन हातीं उरलेल्या शेतकऱ्यास परवडणारा धंदा आहे, व त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. परंतु धंदा लहान असला म्हणजे त्यांतील दोषही लहानच असतात, ही समजूत बरोबर नाहीं. आपल्या बागकामास लागणाऱ्या वस्तूंचा विचार करा. लाल माती एका ठिकाणची, शेणखत दुसऱ्या ठिकाणचें, रोप पुष्कळदां आंध्रांतील कडियमच्या बाजारचें, ऑर्किडच्या मुळांभोवतीं घालावयाचा लोणारी कोळसा डोंगरांतल्या भट्टीचा, आणि वाफ्याच्या कडेस लावावयाची वीट खाडीपलीकडील वीटभट्टीची. ह्या सर्वांस जे हात लागले, त्यांपैकीं किती हातांस उद्यां सकाळीं काम सोडून घरीं जाण्याची मोकळीक आहे?

ह्या प्रश्नाकडे आमचें लक्ष गेलें तें एका घरच्याच अनुभवानें. आमच्या मंडळींपैकीं एकाच्या रोपवाटिकेंत एक कातकरी जोडपें पिशव्या भरण्याच्या कामास होतें. बाईच्या वडिलांचें दुखणें वाढल्याचा निरोप आला, तेव्हां तिनें दोन दिवसांची रजा मागितली. मालकानें तत्काळ होकार दिला. सायंकाळीं पाहतात तों जोडपें तेथेंच. विचारतां नवरा म्हणाला, "शेट, तुमी सोडलं, पन मुकादम सोडत नाय. त्याची उचल हाये आमच्यावर." चौकशी केली तेव्हां असें दिसून आलें कीं, मालक दर आठवड्यास शंभर पिशव्यांमागें ठरलेली रक्कम मुकादमाच्या हातीं चोख देत होते. जोडप्याच्या हातीं पडत होती ती केवळ खर्ची. बाकीची रक्कम उचलींत वळती होत होती, आणि उचल किती उरली तें फक्त मुकादमाच्या वहींत होतें. ती वही जोडप्यास वाचतां येत नव्हती आणि मालकांनीं कधीं मागितली नव्हती. म्हातारा त्याच आठवड्यांत वारला. मुलीस त्याचें तोंड दिसलें नाहीं.

आमचे हे मित्र मजुरांशीं गोडीनें वागणारे, दिवाळीस कपडालत्ता देणारे गृहस्थ. त्यांनीं कोणावर हात उगारला नव्हता. तरी त्यांच्या कुंपणाच्या आंत, त्यांनीं दिलेल्या पैशावर, दोन माणसें बांधलेलीं होतीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींही त्या रोपवाटिकेंत अनेकदां बसून चहा घेतला होता, त्या जोडप्यास पाहिलें होतें, आणि कांहींएक विचारलें नव्हतें.

वेठबिगार म्हटली कीं आपल्यास साखळदंड व चाबूक आठवतात. कायद्याची व्याख्या ह्याहून फार साधी आहे. वेठबिगार पद्धति नष्ट करणारा कायदा १९७६ सालीं झाला. त्यापूर्वीं ऑक्टोबर १९७५ मध्यें तसा वटहुकूम निघाला होता. उचल, जुनें कर्ज, वाडवडिलांचें देणें अशा कारणापायीं माणूस राबूं लागला, आणि त्यास मजुरी मुळींच मिळाली नाहीं अथवा केवळ नांवाची मिळाली; किंवा दुसरीकडे काम धरण्याची मोकळीक राहिली नाहीं; किंवा हिंडण्याफिरण्याची मोकळीक राहिली नाहीं; किंवा आपला माल बाजारभावानें विकण्याचा हक्क गेला, तर ह्या चारांपैकीं एक गोष्टसुद्धां वेठबिगार ठरण्यास पुरे होते. असें कर्ज फेडण्याची जबाबदारीच कायद्यानें संपते. सक्तीनें राबवून घेणारास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आणि हें कर्ज वेठबिगारीचें नाहीं, असें शाबीत करण्याचा बोजा मजुरावर नसून धनकोवर आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

१९८२ सालीं सर्वोच्च न्यायालय ह्याच्याही पुढें गेलें. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठीं चाललेल्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यांत न्यायालयानें असें ठरविलें कीं, गरजेपोटीं किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणें हेंसुद्धां घटनेच्या २३ व्या कलमाखालीं सक्तीची मजुरी होय. तेथील मजूरही ठेकेदारांचेच होते. परंतु ठेकेदार मध्यें आहे एवढ्यावरून काम करविणाऱ्या सरकारी संस्थांस आपली जबाबदारी झटकतां आली नाहीं. 'मजूर मुकादमाचे आहेत, आमचे नव्हेत,' हें आपल्याकडील नेहमींचें वाक्य उच्चारण्यापूर्वीं हा निकाल आठवावा.

आमच्या भागास तर ह्या विषयाचा धडा परक्यांकडून घ्यावयास नको. जुन्या ठाणें जिल्ह्यांतील डहाणू व उंबरगांव ह्या तालुक्यांत वारली तरुण लग्नासाठीं जमीनदाराकडून कर्ज काढी, आणि त्या कर्जापायीं नवराबायको दोघेंही त्याच्याकडे राबत. अशा माणसास लग्नगडी म्हणत. सिमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्यानें १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारास आदिवासींविषयीं जो अहवाल दिला, त्यांत ह्या पद्धतीचें वर्णन आहे. मे १९४५ मध्यें झरी येथें वारल्यांची परिषद भरली व वेठ करावयाची नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढारीपणाखालीं चाललेल्या त्या लढ्यांत त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें पोलिसांनीं गोळीबार केला आणि पांच आदिवासी प्राणांस मुकले. गोदावरीबाईंनीं ही सारी हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकांत लिहून ठेविली आहे.

तेवढ्यानें हा रोग मुळापासून गेला असें मात्र झालें नाहीं. १९८२ सालीं वसई तालुक्यांत, म्हणजे काशीमीऱ्याहून खाडी ओलांडतांच जो मुलूख लागतो तेथें, विवेक व विद्युल्लता पंडित ह्यांच्या श्रमजीवी संघटनेस आपल्या कार्याचा आरंभ वेठबिगारांच्या सुटकेपासूनच करावा लागला. कायदा होऊन तेव्हां सहा वर्षें लोटलीं होतीं. २०२२ सालीं इगतपुरी तालुक्यांतील कातकरी कुटुंबांचीं लहान मुलें किरकोळ मोबदल्यावर मेंढपाळांकडे राबावयास दिलीं गेल्याचें उघडकीस आलें, तेंही त्यांपैकीं एका मुलीचा मृत्यु झाल्यावर. लग्नगडी ठेवणारे कोण होते? ज्यांच्या नांवावर जमीन होती ते. म्हणजे आमचे वाचक व आम्ही ज्या वर्गांत मोडतों त्याच वर्गांतले लोक. हें वाचावयास कडू लागतें. परंतु औषध घ्यावयाचें तर दुखणें कबूल केलें पाहिजे.

उचल माणसास कशी बांधते हें पाहण्यास मोठें गणित लागत नाहीं. केवळ समजण्यापुरते आंकडे घेऊं. पावसाळ्यांत घरांतील दाणा संपला असतां एका जोडप्यानें वीटभट्टीवाल्याकडून ३०,००० रुपये उचल घेतली. दिवाळीनंतर तें भट्टीवर गेलें. २६ आठवडे दर आठवड्यास १,००० रुपये खर्ची मिळाली; ती झाली २६,०००. एकूण अंगावर ५६,०००. हजार विटांस ६०० रुपये ह्या बोलीनें दोघांनीं ८०,००० विटा पाडल्या. त्यांचे झाले ४८,०००. पावसाच्या तोंडावर हिशेब झाला तेव्हां ८,००० रुपये बाकी निघाली, आणि ती फेडण्यासाठीं पुढच्या वर्षीं त्याच भट्टीवर येणें भाग पडलें. आतां हाच हिशेब दुसऱ्या बाजूनें मांडा. आठवड्याचे सहा दिवस धरले तरी दोघांचे मिळून ३१२ दिवस भरले. माणशीं रोज पडला सुमारें १५४ रुपये. मुलांनीं विटा उलथविल्या त्यांचें मोल कोठेंच धरलेलें नाहीं. ह्या हिशेबांत कोणीं बेरीज चुकविली नाहीं, कोणीं दारास कुलूप लावलें नाहीं. तरी मजुरी नांवाची राहिली आणि दुसरीकडे जाण्याची मोकळीक गेली. ज्या ठिकाणीं बेरीजही खोटी असते, तेथील स्थिति काय असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां आमच्या शेतकरी बंधूंच्या मनांत येणारे आक्षेप घेऊं. पहिला असा कीं, उचल आम्ही लादीत नाहीं, मजूरच ती मागतो. न दिली तर तो दुसऱ्याकडे जातो. हें म्हणणें खरें आहे. श्रावण-भाद्रपदांत पाड्यावरील चूल पेटत नाहीं, आणि तेव्हां हातीं पैसा देणारा मनुष्य त्यास देवासारखा वाटतो. म्हणून उचल अजिबात बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. उचल व काम ह्यांची गांठ सोडा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. जें देणें फिटल्यावांचून माणसास जातां येत नाहीं, तें बेडीचें काम करतें.

दुसरा आक्षेप असा कीं, मजूर उचल घेऊन पळून जातो. असेंही होतें, आणि त्यांत कोणाचे पैसे बुडालेच नाहींत असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु एखाद्या गृहसंस्थेकडे कुंड्यांची बाकी थकली म्हणून तिच्या चिटणिसास आपण रोपवाटिकेंत पिशव्या भरावयास बसवीत नाहीं. उधारी थोडी ठेवतों, लिहून ठेवतों, आणि बुडाली तर धंद्याची खोट म्हणून सोसतों. गरिबाच्या बाबतींत मात्र आपल्यास त्याच्या देहावर हक्क सांगावासा वाटतो, हा न्याय कोणता?

तिसरा आक्षेप पुरवठादारांविषयीं आहे. दुसऱ्याच्या भट्टींत किंवा वाडींत आम्हीं कशास डोकवावें, असें पुष्कळ जण विचारतील. परंतु आपण डोकावतच असतों. शेणखत कुजलेलें आहे कीं नाहीं, मातींत लव्हाळ्याच्या गांठी आहेत काय, रोपावर पिठ्या ढेकूण आहे काय, हें पाहिल्यावांचून कोणताही शहाणा माळी माल उतरवून घेत नाहीं. मालाची इतकी पारख करणारास माल कोणीं व कोणत्या स्थितींत काढला हें विचारणें जड जाऊं नये. शिवाय सर्वांत स्वस्त वीट मिळाली म्हणून आपण आनंद मानतों, तेव्हां ती स्वस्ताई कोणाच्या रोजांतून निघाली हेंही पाहावें. माती देणाऱ्याचे पैसे चार चार महिने थकविणारा मालक त्या मातीवरील मजुराची मजुरीच थकवीत असतो.

म्हणून लहान रोपवाटिकेस सहज पाळतां येतील असे कांहीं नियम आम्ही सुचवितों.

१. मजुरी दर आठवड्यास ज्याची त्याच्या हातीं किंवा ज्याच्या त्याच्या खात्यांत द्यावी. बायकोची मजुरी नवऱ्याच्या हातीं देऊं नये. उक्तें काम असलें तरी दिवसाचा रोज किमान वेतनाहून कमी पडत नाहीं ना, हें दर आठवड्यास पडताळून पाहावें.

२. मुकादमाची दलाली मालकानें आपल्या पदरची, वेगळी व उघड द्यावी. मजुरांचा पैसा त्याच्या हातून जाऊं देऊं नये. टोळी येतांच तिच्या अंगावर कोणाची किती उचल आहे, हें प्रत्येकास एकटें घेऊन विचारावें.

३. उचल द्यावयाची तर एका महिन्याच्या मजुरींत फिटेल इतकीच द्यावी, तिजवर व्याज घेऊं नये, आणि दर आठवड्यास थोडा ठराविक भागच कापावा. हिशेबाचें एक कार्ड मजुरापाशीं असावें व तें त्यास वाचून दाखवावें. बाकी असतांही त्यास जावयाचें असेल तर जाऊं द्यावें.

४. आधारकार्ड, शिधापत्रिका, बँकेचें पुस्तक, फोन, ह्यांपैकीं मजुराची कोणतीही वस्तु मालकानें किंवा मुकादमानें आपल्यापाशीं ठेवूं नये.

५. चौदा वर्षांखालील मुलास कामास लावूं नये. आईबापांस हातभार लावतो ही सबब चालूं देऊं नये. पिशव्या भरणारें मूल शाळेंतून गळालेलेंच असतें. असें मूल कोठें राबतांना आढळलें तर १०९८ ह्या क्रमांकावर कळवावें.

६. वीट, माती, कोळसा, कुंड्या व रोपें देणारांस तीन प्रश्न विचारावे: तुमचे मजूर कोण आणतो? मजुरी कोणाच्या हातीं पडते? उचल बाकी असतां मजुरास जातां येतें काय? वर्षांतून एकदां, तेंही हंगामांत, जागेवर जाऊन पाहावें. दूरच्या पुरवठादाराकडे जाणें न जमलें तर निदान हे प्रश्न लेखी विचारावे.

७. वेठबिगार आढळली तर केवळ व्यवहार तोडून स्वस्थ बसूं नये. ह्या बाबतींत आमच्या मित्राचें उदाहरण सांगणें आम्हांस भाग आहे. त्यांनीं संतापून मुकादमास हांकलून दिलें. मुकादम टोळी घेऊन निघाला, आणि तें जोडपेंही त्याच्या मागोमाग गेलें. मालकाचें आंगण स्वच्छ झालें, पण जोडप्याची उचल तशीच राहिली. खरें पाहतां त्याच दिवशीं तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी ह्यांस कळवावयास हवें होतें. अशी खबर मिळतांच चौकशी करून मजुरास मोकळें करणें व मुक्ततेचा दाखला देणें हें त्यांचें काम आहे. केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणें मुक्त झालेल्या मजुरास ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत मिळूं शकते; पुढील पुनर्वसनाची रक्कम प्रकरणाचें स्वरूप पाहून १ लाखापासून ३ लाखांपर्यंत आहे. मालकाचा राग त्या जोडप्याच्या उपयोगीं पडला नाहीं. दाखला पडला असता.

हा रोग केवळ आपल्याच देशांत आहे असें मानण्याचें कारण नाहीं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत २ कोटि ७६ लाख माणसें सक्तीच्या मजुरींत होतीं. इंग्लंडांत २०१५ सालीं आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला. त्याप्रमाणें ज्यांची वार्षिक उलाढाल ३ कोटि ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक आहे अशा व्यापारी संस्थांस, आपल्या धंद्यांत व पुरवठादारांकडे गुलामगिरी शिरूं नये म्हणून काय केलें, हें दर वर्षीं जाहीर करावें लागतें. लहान धंद्यांस हें बंधन नाहीं; परंतु मोठा गिऱ्हाईक आपल्या लहान पुरवठादारास तोच प्रश्न विचारणार हें उघड आहे. आपल्याकडील मोठमोठीं बांधकामें व बगीचे ज्यांच्या हातीं आहेत, तेही उद्यां असा कागद मागतील. तेव्हां चार ओळींचें निवेदन लिहून देणें कोणासही जमेल. निवेदन खरें असावें म्हणून वर्षभर वही उघडी ठेवणें हें काम कठीण आहे, आणि तेंच आम्ही आज वाचकांस सांगत आहों.

शेवटीं आमच्या मंडळापुढें एक सूचना ठेवतों. शेणखत, पिशव्या व विटा ह्यांची खरेदी आपले कित्येक सभासद एकत्र मिळून करतात. यंदापासून ही खरेदी वरील तीन प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें देणारांकडूनच व्हावी. तसेंच प्रत्येक सभासदानें आपल्या ऐपतीप्रमाणें थोडी रक्कम घालून एक लहान निधि उभारावा, आणि श्रावणांत ज्या पाड्यांवर मुकादम उचलीचे पैसे घेऊन फिरतो त्या पाड्यांवरील बचत गटांस त्यांतून बिनव्याजी कर्ज द्यावें. ह्या कर्जास कामाची अट मुळींच असूं नये. कर्ज घेणारा आपल्या रोपवाटिकेंत आला तर आनंद आहे; दुसऱ्याकडे गेला तरी तक्रार नाहीं. भुकेच्या दिवसांत शंभर ठिकाणीं हात पसरण्याची पाळी ज्यावर येत नाहीं, तोच मजूर मजुरीचा भाव मोकळेपणानें ठरवूं शकतो.

कोणी म्हणेल, ह्यानें आपली मजुरी महाग होईल. होईल. एका कुंडीमागें कांहीं रुपये अधिक पडतील, आणि ते आपल्यास गिऱ्हाइकाकडे मागावे लागतील. खत महागलें, डिझेल महागलें, तेव्हां आपण ते मागितलेच कीं नाहीं? येत्या सर्वसाधारण सभेंत हा ठराव आम्ही मांडणार आहों. सभासदांनीं येतांना आपापल्या मुकादमाची वही बरोबर आणावी. ज्यांस ती मागूनही मिळणार नाहीं, त्यांस आपल्या कुंपणाच्या आंत काय चाललें आहे तें तेवढ्यावरूनच कळेल.